दोन लाख किलोमीटर पळालेली फॉर्च्युनर किंवा ऑडी घ्यायची का? विसार देण्याआधी हे वाचा

नेवासा : कांद्याची पट्टी झाली किंवा कारखान्याचं बिल खात्यावर पडलं की आपल्याकडे पारावर एक विषय निघतोच, तो म्हणजे गाडी. नव्या बोलेरोचा भाव ऐकला की पोरं मोबाईल पुढं करतात, "ह्या पैशात फॉर्च्युनर येतीय की." पोरं खोटं बोलत नाहीत. नवी डिझेल फॉर्च्युनर रस्त्यावर येईपर्यंत चाळीस लाखांच्या वर जाते. पण २०१२-१३ सालची, दोन-सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली तीच गाडी दहा-बारा लाखांत मिळते. तेवढ्याच पैशात त्याच सालातली ऑडी क्यू७ सुद्धा मिळते, जी नवी असताना पन्नास-साठ लाखांची होती.

आता यातली गोम काय, ते नीट समजून घ्या. साठ लाखांची गाडी दहा लाखांत मिळते, पण तिचा पार्ट दहा लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पार्टची आणि मजुरीची उतरत नाही. उलट गाडी जुनी होत जाते तसे पार्ट जास्त लागतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या दादानं, चार वर्षांपूर्वी साडेनऊ लाखांना एक जर्मन एसयूव्ही आणली. मोठ्या शहरातल्या एका डीलरकडून घेतली होती. गावात पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात एक दिवस सकाळी बघितलं तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला. तिला आपल्या गाड्यांसारखी स्प्रिंग नव्हती, हवेचे फुगे होते, त्यातला एक गळत होता. तो बदलून झाला तर त्याला हवा भरणारा कॉम्प्रेसर गेला. पुढं गिअरबॉक्स झटके मारायला लागला. दीड वर्षात दादानं तिच्यात साडेतीन लाख घातले आणि शेवटी पावणेचार लाखांना ती विकली. त्याच वर्षी पुतणीची नर्सिंगची फी भरायची होती, ती वहिनींनी सोनं गहाण ठेवून भरली. मधले सहा महिने ती गाडी ट्रॅक्टरच्या शेजारी पत्र्याखाली उभी होती आणि तिच्यावर कांद्याची ताडपत्री टाकलेली होती. लोक विचारायचे, "दादा, गाडी दिसत नाही?" दादा म्हणायचा, "सर्व्हिसिंगला आहे."

मग अशी गाडी घ्यायचीच नाही का? तसंही नाही. आपल्याच तालुक्यात तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेल्या टोयोटा गाड्या रोज नगर-संभाजीनगर करतात. फरक गाडीच्या जातीत आहे, तिच्या मागच्या नोंदीत आहे आणि आपल्या खिशात आहे. आधी खिशाचं बघू.

वर्षाचा खर्च किती, ते आधी मांडा

समजा वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणं होतं. नगर, शिर्डी, पुणे, सोयरेधायरे, लग्नं धरली तर एवढं सहज होतं. जुनी तीन लिटर इंजिनाची एसयूव्ही आपल्या रस्त्यावर लिटरला दहाच्या आसपास देते. म्हणजे १५०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर १ लाख ३५ हजार झाले. संपूर्ण विम्याचे तीसेक हजार. सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सात-आठ लिटर ऑईल आणि फिल्टर, म्हणजे मिळून तीस हजार. चार टायर साठ हजारांना येतात आणि पन्नास हजार किलोमीटर चालतात असं धरलं तर १५ हजार किलोमीटरला १८ हजार. बेरीज २ लाख १३ हजार. यात अजून काहीच बिघडलेलं नाही. दोन लाख किलोमीटरच्या पुढच्या गाडीला वर्षाला सत्तर-ऐंशी हजार दुरुस्तीला बाजूला ठेवावेच लागतात. म्हणजे तीन लाखांच्या जवळ गेलो.

आता हे उसात मोजा. एकरी ४० टन, टनाला तीन हजार धरले तर एक लाख वीस हजार. त्यातून मशागत, बेणं, खत, पाणी, मजुरी जाऊन हातात साठ-सत्तर हजार राहतात, तेही सगळं नीट झालं तर. म्हणजे साडेचार एकर ऊस नुसता गाडी चालवायला लागला. गाडीची किंमत यात धरलेलीच नाही. कोणी म्हणेल, आमची वीस एकर बागायत आहे. मग ठीक आहे. पण पाच-सहा एकरवाल्यानं हा हिशेब कागदावर लिहून घरात सगळ्यांसमोर वाचावा. घरातल्या बायकांसमोर तर नक्कीच वाचावा, कारण फी आणि दवाखाना त्यांना माहीत असतो.

कर्ज काढून घ्यायची असेल तर आणखी एक गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बँका सहसा हात आखडता घेतात, मग खासगी फायनान्सवाला येतो आणि म्हणतो, "नऊच टक्के व्याज आहे." विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? सात लाख चार वर्षांसाठी नऊ टक्के फ्लॅटनं घेतले तर व्याज २ लाख ५२ हजार आणि हप्ता १९ हजार ८३३ रुपये. हाच हप्ता घटत्या शिलकीवर मोजला तर व्याजाचा दर सोळा टक्के पडतो. नऊ आणि सोळामध्ये फार अंतर आहे. पीक कर्ज काढून गाडीत घालणारेही मी बघितले आहेत, त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही.

माझा साधा हिशेब असा की दहा लाखांची जुनी भारी गाडी घ्यायची असेल तर तेरा लाख हातात पाहिजेत. वरचे तीन लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. दहा लाख आहेत आणि दहाचीच गाडी घेतली, तर दुसऱ्या महिन्यातच ओढाताण सुरू होते.

कोणती गाडी, आणि तिचा मेस्त्री कुठं

जुन्या डिझेल एसयूव्हींमध्ये ढोबळ दोन जाती आहेत. एक म्हणजे फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट. या ट्रकसारख्या वेगळ्या चासीवर बसवलेल्या आहेत. दुसरी जात म्हणजे ऑडी क्यू७, बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज एमएल आणि लँड रोव्हरच्या गाड्या. या दुसऱ्या जातीतल्या गाड्या चालवायला स्वर्ग आहेत, हे मान्यच करतो. दादाच्या गाडीत बसून पुण्याला गेलो तेव्हा पोटातलं पाणी हललं नव्हतं. पण यांच्यात एका इंजिनावर, गिअरबॉक्सवर, सस्पेन्शनवर, दरवाज्यावर सुद्धा कॉम्प्युटर बसलेले असतात. एक सेन्सर गेला तर गाडी डोकं धरून बसते, आणि तो कोणता हे कळायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. एक उदाहरण सांगतो. ऑडीच्या तीन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे तोंड करून आहे. चेनचा आवाज यायला लागला तर ती बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. चेन काय भावाची आहे त्यापेक्षा मजुरीच जास्त होते.

फॉर्च्युनर आपल्याकडे २००९ पासून विकली जाते आणि २०१६ च्या शेवटी तिचं नवं रूप आलं. जुनीत तीन लिटर इंजिन आहे, नवीत २.८ लिटर. जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. हा बेल्ट साधारण दीड लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो. बेल्ट तुटला तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. दोन लाख पळालेली गाडी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, "बेल्ट कधी बदलला, बिल दाखवा." बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे. २.८ च्या इंजिनात चेन आहे, तिथं ही कटकट नाही. जुन्या तीन लिटरचं दुसरं दुखणं इंजेक्टरचं. चार इंजेक्टर असतात, नवे कंपनीचे घातले तर लाखाच्या पुढं बिल जातं.

एंडेव्हर गाडी म्हणून वाईट नाही, पण फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. पजेरो स्पोर्टही आता नवी मिळत नाही. अशा गाड्या त्यामुळंच स्वस्त दिसतात. पार्ट मिळतात, पण वाट बघावी लागते. ज्याला आठ दिवस गाडी उभी राहिली तरी चालते त्यानं बघावं.

आता मेस्त्रीचं. नेवाशाहून संभाजीनगर साठेक किलोमीटर. तिथं भारी गाड्यांची हौस जुनी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशेच्या घरात मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याची बातमी देशभर झाली होती. त्यामुळं तिकडं या गाड्यांचं काम करणारे हात तयार झाले. पण अकोले किंवा जामखेडच्या माणसाला तिथवर गाडी टोचन करून न्यायची म्हटलं तर नेण्याचेच आठ-दहा हजार होतात. म्हणून गाडी बघायच्या आधी मेस्त्री बघा. त्याला फोन करून विचारा, "ह्या मॉडेलचं काम करता का? गेल्या वर्षात किती गाड्या केल्या?" तासाभराच्या अंतरावर असा माणूस नसेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही, मग किती का स्वस्त असेना.

२०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांबद्दल एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास गाडी सलग पळाली की आपोआप काजळी जाळून साफ होतो. गाडी रोज घर ते वस्ती, वस्ती ते सोसायटी एवढीच फिरली तर तो तुंबतो, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. ज्याचं फिरणं गावातल्या गावात आहे त्यानं भारी डिझेल घेऊच नये. आणि कॅनमधलं, ड्रममधलं, ट्रॅक्टरला चालतं ते डिझेल यात कधीच घालायचं नाही. या गाड्यांचे इंजेक्टर एवढ्या बारीक भोकाचे असतात की थोडं पाणी किंवा गाळ गेला तरी काम तमाम.

मीटरवरचा आकडा

जास्त किलोमीटर म्हणजे वाईट गाडी असं नसतं. २०१३ ची गाडी २ लाख २० हजार पळाली असेल तर वर्षाला अठरा-वीस हजार झाले, म्हणजे रास्त आहे. हायवेला एका चालीनं पळालेलं इंजिन शहरात अडकत-अडकत ८० हजार पळालेल्यापेक्षा चांगलं निघतं. भीती वाटायला पाहिजे ती २०१३ ची असून मीटर ६५ हजार दाखवणाऱ्या गाडीची. मीटर मागं घेणं हे हजार-दोन हजारांचं काम आहे, लॅपटॉप लावून पाच मिनिटांत होतं.

गेल्या महिन्यात मेहुण्यासोबत अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. मीटर ७८ हजार. पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं कातडं चकाकत होतं आणि ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा काठ फाटून शिवलेला. मेहुण्याला म्हणालो, ७८ हजारात एवढं होत नाही. विकणाऱ्याला म्हणालो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर सांगून जुनी नोंद काढू. तो म्हणाला, मालक परगावी आहे. आम्ही म्हणालो, मालकाला फोन लावा. फोन लागला, नोंद निघाली. तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला आली तेव्हाच ती १ लाख ६४ हजार पळालेली होती. आम्ही चहा पिऊन परत आलो. मेहुणा अजून माझ्यावर नाराज आहे, त्याला रंग फार आवडला होता.

तर नोंद काढल्याशिवाय पुढं जायचं नाही. मालकाच्या संमतीनं सर्व्हिस सेंटर नोंद दाखवतं. जुनी विम्याची पॉलिसी, पीयूसीचे कागद, टायरची बिलं यांवरही कुठं ना कुठं किलोमीटर लिहिलेले सापडतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. चारही टायर वेगवेगळ्या सालातले आणि वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकानं गाडी कशी सांभाळली ते तिथंच कळतं.

गाडी बघायला कसं जायचं

सकाळी लवकर जा आणि न कळवता अर्धा तास आधी पोचा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर "आत्ताच पंपावर जाऊन आलो" असं उत्तर मिळेल. त्याला म्हणायचं, आम्ही दुपारून येतो, तोवर चावी लावू नका. डिझेल इंजिनाची खोट थंड असतानाच दिसते. थंड इंजिन चावी फिरवताच अर्ध्या-एक सेकंदात चालू झालं पाहिजे. मागं एकानं उभं राहून धूर बघायचा. सुरुवातीला थोडा पांढरट धूर येऊन गेला तर चालतं. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. ॲक्सिलेटर दाबल्यावर काळा भपका सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआर व्हॉल्व्हपैकी काहीतरी आहे.

मग इंजिन चालू ठेवूनच ऑईल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून फुक-फुक करत जोराची हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन कामाला आलं. इंजिन थंड असताना, आणि थंड असतानाच, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑईलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखं काही दिसलं की हात जोडून निघायचं. तिथं हेड गॅस्केट गेलेलं असतं किंवा हेडला तडा असतो.

रिकाम्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून काही कळत नाही. गाडी चढाला न्यायची. आपल्याकडच्यांनी नगर रस्त्यानं इमामपूर घाटात न्यावी. घाटात टर्बोची शिट्टी, गिअर बदलताना झटका, तापमानाचा काटा, सगळं बाहेर येतं. ऑटोमॅटिक असेल तर हळू चालवताना पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्का बसतो का बघा आणि रिव्हर्स टाकल्यावर गाडी लगेच घेते का, की दोन सेकंद विचार करते ते बघा. फोर-व्हील ड्राईव्ह असेल तर मातीच्या रस्त्यावर प्रत्यक्ष लावून बघायचा. बऱ्याच गाड्यांत तो वर्षानुवर्षं कोणी लावलेलाच नसतो आणि जाम झालेला असतो. हवेचं सस्पेन्शन असेल तर गाडी वर-खाली करून बघा, आणि शक्य असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपरे टेपनं मोजा. दादानं एवढंच केलं असतं तर वाचला असता.

हे सगळं केल्यावरही शेवटी दोन-चार हजार देऊन त्या मॉडेलच्या जाणकाराकडून, स्कॅनर लावून तपासणी करून घ्या. विकणारा "आमच्याच गॅरेजला दाखवा" म्हणाला तर नाही म्हणायचं. स्कॅनरमध्ये एकही जुनी चूक दिसली नाही, पाटी कोरी निघाली, तर ती आदल्या दिवशी पुसलेलीही असू शकते. तीस-चाळीस किलोमीटर फिरवून पुन्हा स्कॅनर लावायला सांगा.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दलही लिहायलाच पाहिजे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण, आणि दर दोन-चार वर्षांनी एखादं मोठं शहर पाण्यात जातं. विमा कंपनी अशा गाड्या पूर्ण नुकसान दाखवून लिलावात काढते, आणि त्यातल्या काही धुवून-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, गालिच्याखाली कुबट वास, ही सगळी त्याचीच लक्षणं. आणि गाडीत चार-चार सुगंधी डब्या लटकवलेल्या असतील तर जास्तच वास घ्यायचा.

कागद : आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

सातबारा बघितल्याशिवाय आपण गुंठाभर जमीन घेत नाही, पण दहा लाखांची गाडी मोबाईलवर आलेल्या आरसीच्या फोटोवर घेतो. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाका. कितवा मालक, नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, सगळं दिसतं. बोजा आहे का ते बघा. फायनान्सचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. "कर्ज फिटलंय, फक्त नोंद काढायची राहिलीय" हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. फिटलंय तर नोंद काढून दे, मग बोलू. चासी नंबर आरसीवरचा आणि गाडीवर ठोकलेला अक्षर-अक्षर ताडून बघा. पेंडिंग ई-चलनं काढा. अशा पळणाऱ्या गाड्यांवर वेगाची वीस-पंचवीस हजारांची चलनं सहज निघतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ ला पंधरा वर्षांची होते. त्यानंतर आरटीओत दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते, त्याची फी पाच हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि ही मुदत पाच-पाच वर्षांनीच वाढते. एजंट हे सांगत नाहीत. तुम्ही चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा मात्र हेच दाखवून भाव पाडेल.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं, गाडी राज्यातलीच असेल तर, तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडे काय होतं, सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर पहिलाच मालक राहतो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असणाऱ्यावर येते. म्हणून आपली जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर तीही लगेच नावावरून काढा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बिनधास्त मागा.

विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. नाही केला तर समोरच्याच्या नुकसानीची भरपाई विमा देईल, पण आपली गाडी ठोकली तर हात वर करील. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याचकडे राहतो, त्यामुळं प्रीमियमचा फरक भरावा लागतो. नुसता थर्ड पार्टी घ्यायचा म्हटला तरी दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला ७ हजार ८९७ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ९ हजार ३०० च्या पुढं.

दिल्लीची स्वस्त गाडी

तिकडं दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला आधी हरित लवादानं आणि मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. त्यामुळं तिथले मालक आठव्या-नवव्या वर्षीच गाडी काढायला लागले आणि आपल्याकडच्यापेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त देऊ लागले. यात लबाडी नाही, गाड्याही बऱ्याचदा चांगल्या असतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथं आणण्याचा खर्च आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे तिन्ही धरा. आपल्या राज्यात वीस लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला कराचा दर १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, तरी मूळ किंमत मोठी असल्यानं आकडा लाखांत जातो. गाडी बघायला जायच्या आधी आरटीओत जाऊन त्या मॉडेलचा, त्या सालाचा कर किती होईल ते लिहून आणा. बहुतेक वेळा वाचणारे दोन लाख तिथंच संपतात. आणि एनओसी न घेता तिकडच्याच नंबरवर गाडी चालवायची सवय असेल तर नाक्यावर अडवल्यावर कोणाला फोन लावायचा ते आधी ठरवून ठेवा.

मग घ्यायची कोणी?

माझं मत विचाराल तर ज्याचं वर्षाला वीस हजारांच्या वर फिरणं आहे, घरात सात माणसं आहेत, रस्ता खराब आहे आणि वरचे तीन लाख वेगळे ठेवता येतात, त्यानं पूर्ण नोंद असलेली फॉर्च्युनर घ्यावी. सव्वादोन लाख पळालेली असली तरी चालेल. चार वर्षांनी विकताना तिला गिऱ्हाईक मिळतं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. जर्मन गाडी त्यानं घ्यावी ज्याच्या दारात आधीच एक चालती गाडी आहे आणि ही महिनाभर गॅरेजला राहिली तरी ज्याचं काही अडत नाही. बाकीच्यांनी त्याच पैशात चार-पाच वर्षांची इनोव्हा, स्कॉर्पिओ किंवा एक्सयूव्ही बघावी. लग्नात मिरवायला भाड्यानं फॉर्च्युनर मिळते, आता नेवाशातही मिळते.

सौदा ठरलाच तर विसार दहा-वीस हजारांपेक्षा जास्त देऊ नका आणि पावती करा. त्यात गाडी नंबर, चासी नंबर, मीटरचा आकडा, ठरलेली किंमत, "मेस्त्रीच्या तपासणीत खोट निघाल्यास विसार परत" हे वाक्य, आणि ताबा कोणत्या तारखेला किती वाजता दिला ते असू द्या. वेळ लिहिणं महत्त्वाचं, त्याआधी गाडीनं काय केलं ते त्याच्यावर, नंतरचं आपल्यावर. पैसे खात्यावरून द्या. आणि दुसरी चावी मागून घ्या. ती "हरवलीय" म्हणाला तर नवी चावी कोड करून घ्यायला या गाड्यांना पंधरा-वीस हजार लागतात, तेवढे किमतीतून कापा.